कॅला नव्हे, लिलीही नव्हे

फुलबाजारात ‘कॅला लिली’ म्हणून विकले जाणारे फूल लिलीच्या कुळातले नाही आणि आजच्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते कॅलाही नाही. ते अळू, सुरण आणि शेवळ यांचे भाऊबंद. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातल्या रानात जमिनीतून थेट वर येणारा शेवळाचा कोंब ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाते सांगावे लागत नाही. मधे एक उभा दांडा आणि त्याला शालीसारखे लपेटून घेणारे एकच मोठे आवरण, ही या कुळाची खूण. आवरणाला मराठी वनस्पतिशास्त्रात महाछद म्हणतात आणि दांड्याला स्थूलकणिश. खरी फुले अगदी बारीक असतात आणि त्या दांड्यावर दाटीवाटीने बसलेली असतात: वर नरफुले, खाली मादीफुले. ज्याला लोक पांढरी पाकळी म्हणतात ते एक रूप पालटलेले पान आहे. त्याचा पांढरेपणाही रंगद्रव्यामुळे आलेला नसतो. वरच्या सालीखालच्या असंख्य हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश परततो, म्हणून ते पांढरे दिसते. फुलांचा काळ सरला की तेच आवरण हिरवे होऊन पुन्हा पानाचे काम करू लागते.

या वनस्पतीचे मूळ घर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आहे. पांढरी जात, म्हणजे झँटेडेशिया एथिओपिका, केप प्रांतापासून पूर्वेकडे आणि उत्तरेकडे ओढ्यांच्या काठाने, दलदलीत, गुरांच्या पाणवठ्यांवर मुबलक उगवते. दक्षिण आफ्रिकेतल्या पावसाचे गणित दुहेरी आहे. केप टाउनच्या बाजूला पाऊस हिवाळ्यात पडतो, तर पूर्वेकडच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात. त्यामुळे हीच पांढरी जात पश्चिमेला उन्हाळ्यात झोपते आणि पूर्वेला हिवाळ्यात. पायाशी बारमाही पाणी असेल, तर ती कुठेच झोपत नाही. ही एवढी गोष्ट कळायला युरोपातल्या माळ्यांना दोनेकशे वर्षे लागली आणि कॅलाच्या बागकामाचा बराचसा इतिहास याच गैरसमजाचा आहे.

जन्मभूमीत या फुलाला फारसा मान नव्हता. केपच्या डच वसाहतकऱ्यांच्या वंशजांनी त्याला दिलेली नावे डुकरावरून आहेत: ‘वार्कोर’ म्हणजे डुकराचा कान, ‘वार्कब्लोम’ म्हणजे डुकराचे फूल. गड्डे डुकरांना घालत, आणि साळिंदरही ते आवडीने उकरून खाते. साळिंदराला तिकडच्या भाषेत ‘लोखंडी डुक्कर’ अशा अर्थाचाच शब्द आहे, त्यामुळे नावातले डुक्कर नेमके कोणते, गोठ्यातले की रानातले, याविषयी दोन्ही बाजूंनी बोलता येते. माणसाला मात्र कच्चा गड्डा खाता येत नाही. अळू खाजते त्याच कारणाने तोही खाजतो. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. स्थानिक लोक पाने गरम करून जखमेवर किंवा सुजेवर बांधत. फुलाच्या पेल्यात एक हस्तिदंती रंगाचा लहान बेडूक दडून बसतो. इंग्रजीत त्याला या फुलाचेच नाव मिळाले आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला तळ टाकला तो भाजीपाल्यासाठी. आशियाकडे जाणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांना ताजे अन्न मिळावे, म्हणून तिथे बाग लावली गेली आणि परतीच्या जहाजांतून केपची झाडे, बिया व कंद हॉलंडला जाऊ लागले. कंद हा समुद्रप्रवासाला सोयीचा माल. रोपाला पाणी लागते, बी कुजते, पण झोपलेला कंद वाळूत पुरून ठेवला की महिनोन्‌महिने तग धरतो. केपची इतकी कंदवर्गीय फुले युरोपात पोचली, त्यामागे सौंदर्यापेक्षा ही सोय जास्त असावी. पॅरिसच्या राजोद्यानात १६६४ मध्ये हे झाड असल्याचे सांगितले जाते. ॲमस्टरडॅमच्या औषधी उद्यानात ते वाढत होते याचा मात्र छापील पुरावा आहे. या उद्यानाचा संस्थापक-संचालक यान कोमेलिन याच्या ग्रंथाचा पहिला खंड त्याच्या मृत्यूनंतर १६९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हे झाड ‘इथिओपियाचे पांढऱ्या फुलाचे अरम’ अशा अर्थाच्या लांबलचक लॅटिन नावाने चित्रासह आले आहे.

हाच कोमेलिन मराठी-कोकणी वाचकाला दुसऱ्या एका कारणाने जवळचा आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या बारा खंडांच्या ग्रंथाच्या काही खंडांना त्याने टिपा लिहिल्या. याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन कोकणी वैद्यांचे १६७५ चे प्रशस्तिपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. केपचा ओढा आणि कोचीची वैद्यकी यांच्यातला दुवा एवढाच, की दोन्हींकडची झाडे एकाच कंपनीच्या जहाजांतून एकाच माणसाच्या टेबलावर पोचली. पण सतराव्या शतकाचे वनस्पतिशास्त्र अशाच टेबलांवर घडत होते.

नावांच्या बाबतीत या झाडाइतकी ओढाताण क्वचितच एखाद्याच्या वाट्याला आली असेल. कोमेलिनच्या नावातले ‘इथिओपिया’ म्हणजे आजचा तो देश नव्हे. जुन्या भूगोलात इजिप्तच्या पलीकडची सगळी आफ्रिका त्या एका शब्दात कोंबलेली असे. १७५३ मध्ये लिनीअसने हे झाड ‘कॅला’ या प्रजातीत घातले. सौंदर्यवाचक ग्रीक शब्दाशी जोडले जाणारे हे नाव उत्तर युरोपातल्या दलदलीत वाढणाऱ्या एका लहानशा वनस्पतीचेही होते. दोन्हींची सोयरिक वरवरची आहे हे पुढे स्पष्ट झाले. कार्ल कुंट याने केपच्या झाडासाठी ‘रिचार्डिया’ हे वेगळे नाव सुचवले, पण ते दुसऱ्याच एका प्रजातीला आधीच देऊन झालेले होते. शेवटी १८२६ मध्ये कुर्ट श्प्रेंगल याने ‘झँटेडेशिया’ हे नाव दिले, इटलीतला वैद्य आणि वनस्पतिज्ञ जोव्हानी झांतेदेस्की (१७७३–१८४६) याच्या सन्मानार्थ. फ्रांचेस्को झांतेदेस्की नावाचा एक पदार्थवैज्ञानिकही त्याच काळात होता, आणि कित्येक बागकामाच्या पुस्तकांत हा मान चुकून त्याच्या पदरात टाकला जातो. एवढे होऊनही एकोणिसाव्या शतकातले माळी ‘रिचार्डिया’च म्हणत राहिले आणि गिऱ्हाईक ‘कॅला’च म्हणत राहिले. त्याला ‘लिली’ची शेपटी बाजाराने जोडली. इंग्लंडमध्ये ‘अरम लिली’ आणि अमेरिकेत ‘कॅला लिली’, अशी या चुकीचीही पुन्हा वाटणी झाली.

चुकीची आणखी एक तऱ्हा ‘बल्ब’ या शब्दात आहे. कांदा किंवा ट्युलिप यांचा असतो तसा पापुद्र्यांचा कंद कॅलाला नसतो. पांढऱ्या जातीला आल्या-हळदीसारखे आडवे वाढणारे जाड मूलक्षोड असते आणि रंगीत जातींना चपटा, बटाट्यासारखा भरीव गड्डा. मराठीतला ‘कंद’ हा शब्द कांद्यापासून रताळ्यापर्यंत सगळ्यांना पोटात घेतो, म्हणून मराठीत ही चूक होत नाही. निदान दिसत नाही.

इंग्लंडमध्ये चेल्सीच्या औषधी उद्यानाचा प्रमुख फिलिप मिलर १७३१ मध्ये पांढरा कॅला वाढवत होता. त्यानंतरचे शतकभर हे झाड धनिकांच्या काचघरांत राहिले आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात ते मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आले. या बढतीमागे त्याचा चिवटपणा होता. कोळशाच्या शेगड्यांची कोरडी धग आणि खिडकीतला तोकडा प्रकाश ज्या थोड्या फुलझाडांना मानवला, त्यांत ते होते. एकच अट, पाणी भरपूर. कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नये हा कुंडीबागेचा नेहमीचा नियम या झाडाला लागू नाही. जास्तीचे पाणी ते पानांच्या टोकांतून थेंबाथेंबाने टाकून देते. सकाळी पानाच्या शेंड्याला लटकलेला थेंब दवाचा नसून झाडाने स्वतः सोडलेला असतो.

उन्हाळ्यात या कुंड्यांचे काय करायचे, यावर माळ्यांमध्ये दोन तट होते. एका तटाचे म्हणणे असे की केपचे झाड उन्हाळ्यात विश्रांती घेते. म्हणून वसंतातली फुले सरली की पाणी तोडावे, कुंड्या उन्हात आडव्या पाडून ठेवाव्यात आणि शरद ऋतूत नवी माती घालून झाड पुन्हा जागे करावे. दुसऱ्या तटाने कुंडीतून झाडे काढून चरांत लावली, त्यांना उन्हाळाभर खत-पाणी दिले आणि थंडीआधी उचलून पुन्हा कुंड्या भरल्या. दोघांनाही फुले मिळत. दोघेही बरोबर होते, कारण पांढरा कॅला पाण्यावर चालतो, पंचांगावर नाही. कोरडा ठेवला तर तो झोपतो आणि ओला ठेवला तर वाढत राहतो. कॉर्नवॉलसारख्या सौम्य हवेच्या भागात काहींनी तिसराच मार्ग काढला. गड्डा तळ्याच्या तळाशी, गोठणाऱ्या थराच्या खाली लावला की हिवाळ्याची चिंता उरत नाही. ससेक्समधल्या क्रोबरो गावच्या एका बागेत तर उघड्यावर थंडी काढणारा एक वाण मिळाला. गावाच्याच नावाने तो आजही विकला जातो.

रंगीत कॅलाची कहाणी वेगळी आहे आणि बरीच उशिराची आहे. ही झाडे दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या उन्हाळी पावसाच्या गवताळ डोंगरउतारांवरची. थंडी कोरडी असल्याने ती हिवाळ्यात पूर्णपणे जमिनीखाली जातात. त्यांना पाणी साचलेले चालत नाही. पानांवर पारदर्शक पांढरे ठिपके असलेली जात १८५९ मध्ये विल्यम हुकरने वर्णन केली. गुलाबी फुलाच्या, अरुंद पानांच्या बुटक्या जातीला १८८३ मध्ये आडोल्फ एंग्लरने पोलिश संशोधक अंतोन रेमान याचे नाव दिले. रेमान १८७५ नंतरची काही वर्षे दक्षिण आफ्रिकेत वनस्पती गोळा करत हिंडला होता. पण बागवानांना वेड लावले ते पिवळ्याने. १८९० च्या सुमारास हँपशरमधल्या फार्नबरो पार्कच्या कॅप्टन एलियट यांच्या बागेत सोनपिवळ्या महाछदाचे, ठिपकेदार पानांचे एक झाड फुलले आणि लंडनच्या फुलप्रदर्शनांत त्याने खळबळ उडवली. एलियटियाना नावाने प्रसिद्ध झालेली ही जात रानात आजवर कुणालाही सापडलेली नाही. ती मुळात एखाद्या संकरातून आली असावी असा तर्क आहे. दोनच वर्षांनी, १८९२ मध्ये, आतून जांभळा डाग असलेला दुसरा पिवळा कॅला आला आणि त्याला लंडनच्या ली भागातील पेंटलँड हाउस या घराचे नाव मिळाले. जाता जाता हे लक्षात घ्यावे, की ज्या डोंगरांवर ही झाडे शतकानुशतके उगवत होती तिथल्या कुणाचेही नाव त्यांतल्या एकालाही नाही.

या सगळ्यांची शिस्तशीर मांडणी झाली ती १९७३ मध्ये, सिथ्ना लेट्टी या दक्षिण आफ्रिकन चित्रकर्तीने ‘बोथालिया’ या नियतकालिकात लिहिलेल्या प्रबंधात. ती पेशाने वनस्पतींची चित्रे काढणारी. देशाच्या दहा, वीस आणि पन्नास सेंटच्या नाण्यांवरची फुलेही तिच्याच रेखाटनांवरून घेतली गेली. पांढऱ्या जातीची सुवासिक बहीण, ओडोराटा, तर थेट १९८९ मध्ये शास्त्राच्या वहीत चढली. आज एकूण आठ जाती मानल्या जातात. त्यांतल्या दोन पांढऱ्या घराण्यातल्या आणि सहा रंगीत घराण्यातल्या.

जाती हाती आल्यावर संकर करणे ओघानेच आले. कॅलिफोर्नियातल्या सांता रोझा येथील ल्यूथर बर्बँक या नामांकित बागवानाने हजारो रोपांतून वासाचा पांढरा कॅला निवडून ‘फ्रेग्रन्स’ नावाने विकला. रंगीत जाती आपापसांत सहज जुळल्या. आजचे नारिंगी, लाल, जांभळे, जवळपास काळे दिसणारे कॅला त्यातूनच आले. सगळ्यांचे लक्ष होते ते मात्र दोन्ही घराण्यांच्या मीलनावर: पांढऱ्याचा डौल आणि पाण्यातला तगडेपणा, रंगीतांचे रंग. शंभर वर्षे ते जमले नाही. फळ धरे, बी रुजेही, पण कोंब पांढराफटक निघे आणि काही दिवसांत मरे. १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या संशोधकांनी याचा उलगडा केला. एका घराण्याच्या केंद्रकातली जनुके आणि दुसऱ्या घराण्याची हरितलवके यांचे एकमेकांशी जुळत नाही, त्यामुळे हरितद्रव्यच तयार होत नाही. म्हणून खरा गुलाबी, पाणथळीत वाढणारा कॅला कॅटलॉगांत शोधूनही सापडत नाही. ज्या वाणांवर गुलाबी झाक असते, ते पांढऱ्या जातीतलेच नैसर्गिक बदल असतात. हिरव्या टोकांचा ‘ग्रीन गॉडेस’ हाही पांढऱ्या जातीतलाच.

न्यूझीलंडचे नाव इथे योगायोगाने आलेले नाही. दक्षिण गोलार्धातला हा देश उत्तरेकडच्या बाजारांना उलट्या ऋतूत माल देऊ शकतो, आणि १९८० च्या दशकापासून तिथे रंगीत कॅलाची फुले व गड्डे यांचा निर्यातधंदा उभा राहिला. त्याच काळात मिनेसोटा विद्यापीठातल्या कॉर आणि विडमर या संशोधकांनी एक साधी युक्ती दाखवून दिली. लावण्याआधी गड्डे जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात थोडा वेळ बुडवले, की एका गड्ड्याला एरवीपेक्षा कितीतरी जास्त फुले येतात. कुंडीत विकल्या जाणाऱ्या भरगच्च कॅलाचे रहस्य बहुतेक वेळा हेच असते. त्यामुळे विकत आणलेल्या कुंडीत पहिल्या वर्षी आलेली फुले दुसऱ्या वर्षी निम्म्यावर आली, तर दोष मालकाच्या हाताचा नसतो.

या धंद्याचा काळ म्हणजे मऊ कूज. पेक्टोबॅक्टेरियम या जिवाणूमुळे गड्डा आतून पाघळतो, घाण वास सुटतो आणि उभे झाड एका दिवसात बुंध्याशी लोळते. त्यावर खात्रीचा उतारा नाही. गरम हवा, ओली माती आणि गड्ड्याला झालेली जखम हे तिन्ही एकत्र आले की रोग हटकून येतो. बियाण्याचे गड्डे निरोगी मिळावेत म्हणून ऊतिसंवर्धनाने रोपे तयार करण्याची पद्धत रुळली. कापलेले गड्डे लावण्याआधी सावलीत वाळवून जखम सुकू द्यायची, हा जुन्या माळ्यांचा रिवाज मात्र कुठल्याच प्रयोगशाळेने मोडीत काढलेला नाही.

पांढऱ्या कॅलाला मिळालेले अर्थही देशागणिक पालटले. व्हिक्टोरियन इंग्लंड-अमेरिकेत तो लग्नाच्या गुच्छात होता आणि अंत्यविधीच्या हारातही. आयर्लंडमध्ये कुमान ना मान या स्त्रियांच्या संघटनेने १९१६ च्या ईस्टर उठावातील मृतांच्या स्मरणार्थ १९२६ मध्ये कॅलाच्या आकाराचा बिल्ला काढला. फुलाचे चिन्ह त्यामुळे थेट प्रजासत्ताकवादी राजकारणाचे झाले. मेक्सिकोत ‘अल्कात्राझ’ नावाने ते बाजारात भाऱ्यांनी येई. दिएगो रिव्हेराच्या १९२५ च्या ‘फुलांचा दिवस’ या चित्रात विक्रेत्याच्या पाठीवर जो प्रचंड भारा आहे तो कॅलाचाच. पुढे १९४४ मध्येही त्याने याच फुलांचा ढीग मिठीत घेतलेली स्त्री रंगवली. आफ्रिकेतून आलेले हे फूल अमेरिकी आदिवासींच्या श्रमाचे प्रतीक ठरावे, यात रिव्हेराच्या कुंचल्याचा वाटा मोठा आहे. १९२० च्या दशकात जॉर्जिया ओकीफने न्यूयॉर्कमध्ये कॅलाची इतकी चित्रे काढली की १९२९ मध्ये मिगेल कोवार्रुबियासने तिचे अर्कचित्र काढताना तिला लिलीचीच देवी करून टाकले.

जिथे हवा मानवली, तिथे झाडाने कुंपण ओलांडले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात ते ओढ्यांतून आणि कुरणांतून इतके पसरले की सरकारने त्याला उपद्रवी तण जाहीर केले आहे. पिकलेली नारिंगी फळे पक्षी खातात आणि बिया लांबवर टाकतात. गुरांना पाने बाधतात. बागेतला कॅला उपटावा म्हणून तिथे मोहिमा चालतात. याच्या नेमके उलट चित्र तैपेईजवळच्या झुझीहू खोऱ्यात दिसते. एके काळी भाताचे बियाणे पिकवणाऱ्या तिथल्या डोंगरी खाचरांत आता पांढरा कॅला गुडघाभर चिखलात उभा असतो आणि वसंतात शहरी लोक पैसे देऊन तो खुडायला येतात.

भारतात या झाडाची ओळख ब्रिटिशांच्या थंड हवेच्या ठाण्यांमधून झाली. उटीचे सरकारी वनस्पती उद्यान १८४८ मध्ये विल्यम ग्रॅहम मॅकायव्हरच्या देखरेखीखाली आकाराला येऊ लागले. युरोपीय वस्तीच्या बागांमधली कितीतरी विदेशी झाडे पुढे निलगिरीच्या डोंगरांत मोकळी झाली. पांढरा कॅला तिथल्या पाणथळींत रुजला आहे आणि तिथल्या मूळ दलदली वनस्पतींची जागा घेतो, हे आता निसर्ग-अभ्यासकांना खुपते. पर्यटकांच्या छायाचित्रांत मात्र तो निलगिरीचाच वाटतो.

महाराष्ट्राच्या सपाटीवर पांढऱ्याची गोष्ट फारशी जमत नाही. त्याला रात्रीचा गारवा लागतो, आणि मे महिन्यात पाने गळाली तरी गड्डा वाचला म्हणजे मिळवली. रोपवाटिकांत ‘बल्ब’ म्हणून येतात ते बहुतेक रंगीत संकर. केपच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर उन्हाळी पाऊस म्हणजे मधूनमधून पडणारी, उतारावरून निथळून जाणारी सर, तर सह्याद्रीच्या पायथ्याचा आषाढ म्हणजे चार-चार दिवस न उघडणारी झड. त्या झडीत कुंडीतला गड्डा पाघळायला वेळ लागत नाही. म्हणून पुणे-नाशिककडचे हौशी लोक पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, निम्मी वाळू आणि पालापाचोळ्याचे खत मिसळलेल्या मातीत पाच ते आठ सेंटिमीटर खोलीवर गड्डे लावतात, डोळे वरच्या बाजूला ठेवून. कुंडी सकाळच्या उन्हात आणि दुपारच्या सावलीत राहते. अडीच-तीन महिन्यांत फुले येतात. उन्हे तापून पाने पिवळी पडू लागली, की पाणी हळूहळू तोडतात आणि पाने पूर्ण वाळल्यावर गड्डे काढून, माती झटकून, सुरणाच्या बियाण्यासारखे हवेशीर सावलीत कोरड्या वाळूत ठेवतात.